माझा कॉम्प्युटर आणि तिचा नवरा

४ नोव्हेंबर, सोमवार

चौसष्ट टक्के! चौसष्ट टक्क्यांपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मी चहा टाकायला उठलो – तेवढीच काय ती माझी चूक – आणि परत येऊन बघतो तर निळ्या पडद्यावर एकच वाक्य: 'काहीतरी चुकलं.' काय चुकलं, कुणाचं चुकलं, पत्ता नाही. इतकं मोघम वाक्य मी याआधी एकदाच ऐकलंय, आणि त्यानंतर घटस्फोट झाला होता.

बरं, मी उगीच खाजवून खरूज काढली असंही नाही. हा डबा गेले सहा महिने रोज सकाळी बजावत होता – तुमची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली, आता तिला कुणी वाली नाही, नवी टाका. म्हटलं, टाकू. एकसष्ट वर्षांचा माणूस, पुस्तकांच्या शेवटी ज्या सूच्या असतात त्या करून पोट भरतो, हजार पानांत कुठला शब्द कुठे आहे ते बोट ठेवून सांगतो. त्याला 'पुढे' नावाचं बटण दाबता येऊ नये?

आलं की! फारच छान दाबता आलं. मध्येच डिस्कचे भाग दाखवले – एक, दोन, तीन. नावं नाहीत, नुसते आकडे. तिसरा रिकामा असावा असं वाटलं. डिलीट. यंत्राने विचारलंसुद्धा – नक्की? म्हटलं, नक्की! आयुष्यात इतक्या खात्रीने मी फार कमी गोष्टी केल्यात.

तिसऱ्या भागात काम होतं. सात महिन्यांचं. अकरा हजार नोंदी.

आता जुनी सिस्टिम नाही, नवी नाही, काम नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती पेनड्राइव्ह आला.


५ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा केलं. एकतीस टक्के. पुन्हा. अठ्ठ्याहत्तर! जीव भांड्यात पडतोय तोवर – 'काहीतरी चुकलं.' पुन्हा. बारा.

कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊन आलो. त्याने मॉडेलचं नाव ऐकलं आणि चेहऱ्यावर असा भाव आणला की जणू मी आजोबांच्या प्रकृतीची चौकशी करतोय. "हे अजून चालतं?" चालत असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो बाबा! "नवाच घ्या. जुन्याचा बॅकअप असेल ना?"

आहे. म्हणजे होता. रोज संध्याकाळी न चुकता घेत होतो. त्याच तिसऱ्या भागात, शेजारच्या फोल्डरमध्ये. फोल्डरचं नाव – 'सुरक्षित'.


६ नोव्हेंबर, बुधवार

लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि बापाला फोनवरून वळण लावते. सगळं ऐकून घेतलं आणि ओरडली, "बाबा, आता कशालाही हात लावू नका! मी काकांना पाठवते."

काका म्हणजे तिच्या आईचा नवरा. म्हणजे माझ्या माजी बायकोचा चालू नवरा. एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. या नात्याला मराठीत शब्द नाही! बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला साडू आहे, मुलीच्या सासऱ्याला व्याही आहे, नवऱ्याच्या भावाच्या बायकोलासुद्धा जाऊ आहे. पण आपल्याच बायकोच्या दुसऱ्या नवऱ्याला काय म्हणायचं, यावर आपले पूर्वज सोयीस्करपणे गप्प. मी त्याला मनातल्या मनात 'दुसरे' म्हणतो. श्रीयुत दुसरे. आडनाव शोभतं.

लेकीला सांगितलं, जीव गेला तरी चालेल पण ते गृहस्थ नकोत.


७ नोव्हेंबर, गुरुवार

संपादकबाईंचा फोन. पुस्तकाचं नाव 'इमारतींमधील गळती आणि ओल', पानं नऊशे चार. सूची पंचवीस तारखेला हवी, छापखान्याची वेळ ठरलीय. "होत आलीय ना?" मी म्हणालो, "अगदी शेवटच्या टप्प्यात आहे." खोटं नाही. शेवटच होता तो.

हे पुस्तक गेलं की ही बाई पुढचं काम देणार नाही. आणि सूची करणारी माणसं आता कुणाला लागतात? मी आणि हा डबा, दोघंही एकाच काळातले.

लेकीला फोन केला. अडला नारायण.


८ नोव्हेंबर, शुक्रवार

आले. संध्याकाळी सहाला. पन्नाशी उलटलेला, उंच, किंचित वाकलेला – दार लहान आहे असं समजून आयुष्यभर चालत असावा. खांद्यावर भलीमोठी बॅग. चपला काढून जोडीने भिंतीला लावल्या आणि म्हणाला, "दादा, कुठे आहे पेशंट?"

दादा! मला! मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो कॉम्प्युटरकडे.

बॅगेतून कापडी गुंडाळी काढली, उलगडली – आत ओळीने स्क्रूड्रायव्हर, चिमटे, दाढीचा ब्रश. पेटी उघडून ब्रशने धूळ झाडली. नऊ-दहा वर्षांची धूळ, म्हणजे काही तिच्या वेळचीही असणार. शिंकला. मग पहिलं काम केलं ते डिस्क काढून बाजूला ठेवण्याचं. "हिला आता हात नाही लावायचा. पुसलेलं लगेच जात नाही दादा, जागेवरच असतं. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं की मग जातं."

"मी चार वेळा लिहायचा प्रयत्न केला."

"चारही वेळा फसला ना? नशीब तुमचं."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अपयशाचं कुणी कौतुक केलं.

त्याने स्वतःची दुसरी डिस्क लावली, नवी सिस्टिम दुसऱ्या पेनड्राइव्हवरून चढवायला घेतली. एकोणपन्नास टक्के. 'काहीतरी चुकलं.' मला – खोटं कशाला बोलू – बरं वाटलं.

मशीनच्या आतलं घड्याळही बंद होतं. सतरा वर्षांपूर्वीची तारीख दाखवत होतं. "सेल संपलाय," तो म्हणाला. "याला वाटतंय अजून तेव्हाचंच चाललंय." मी म्हणालो, तो एकटाच नाही. तो हसला नाही. विनोद कळत नसावेत. ती याच्याबरोबर सुखात असणार!


१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊला हजर. रविवारी! घरी कुणी काही म्हणत नाही वाटतं.

"दर वेळी वेगळ्याच ठिकाणी पडतंय," तो म्हणाला. "फाइल खराब असती तर एकाच जागी अडलं असतं. हे म्हणजे लिहून घेणाराच विसराळू आहे." मग त्याने मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला. काळा पडदा, पांढरे आकडे. दोघं बघत बसलो. दहा मिनिटांनी एक लाल ओळ. मग दोन. मग पडदाभर लाल.

आत मेमरीच्या दोन पट्ट्या असतात – वीतभरसुद्धा नाहीत. एक काढून बघितली, दुसरी काढून बघितली. एक ठणठणीत, दुसरी खराब. माझा सगळा संसार एका बोटभर पट्टीने बुडवला. त्याने चांगल्या पट्टीची पितळी कड शाळेतल्या खोडरबराने घासली – खरंच, खोडरबराने! – फुंकर मारली, बसवली.

दुपारी दोनला शंभर टक्के. नवी सिस्टिम उजळली आणि माझं स्वागत केलं. मी म्हणालो, "वा! शेवटी खोडरबर." तो म्हणाला, "शेवटी शांतपणा, दादा." मला टोमणा होता की काय देव जाणे.

ऑम्लेट केलं. चार अंड्यांचं. त्याने सगळं खाल्लं, पाव बशीला फिरवून बशीसुद्धा पुसून घेतली आणि धुऊन ठेवली.


११ नोव्हेंबर, सोमवार

पुसलेला भाग शोधायला प्रोग्राम लावलाय. डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचतो म्हणे. एकोणीस तास. मी त्यापेक्षा कमी वेळात लग्न ठरवलं होतं.


१३ नोव्हेंबर, बुधवार

एक्केचाळीस हजार फाइली वर आल्या. नावं गेली, नुसते नंबर. कुठली सूची, कुठलं वीजबिल, कुठला लेकीचा सहावीतला निबंध – उघडून बघा! सूची करणाऱ्यावर देवाने उगवलेला सूड म्हणजे नावांशिवायच्या एक्केचाळीस हजार नोंदी.

दोघांनी वाटून घेतल्या. तो त्याच्या लॅपटॉपवर, मी इथे. सव्वासातला तो म्हणाला, "दादा – 'कौलं – पाहा: छप्पर' असं काही आहे का तुमच्यात?"

मी उठून त्याच्यामागे गेलो. होती! अठ्ठावीस ऑक्टोबरची. एका आठवड्याचं काम गेलं, बाकी सगळं जसंच्या तसं. 'ओल', 'कौलं', 'गच्ची', 'गळती' – आपापल्या जागी, पान नंबरांसकट. मी त्याचा खांदा थोपटला. माझा हात असं करेल हे मलाही माहीत नव्हतं. त्यालाही नसावं. दोघंही थोडा वेळ ओशाळलो.

काम झालं. पाहुणे गेले.


१४ नोव्हेंबर, गुरुवार

पाहुणे परत आले.

"अजून काही सापडतंय का बघतो." मी म्हटलं, मला हवं ते मिळालं. "असू दे, बघतो." तीन तास कानाला हेडफोन लावून बसला. मी सूचीचा गेलेला आठवडा पुन्हा करत होतो. शर्ट कालचाच होता. बॅगेच्या बाजूच्या खणात टूथब्रश दिसला. स्क्रूड्रायव्हरांच्या गुंडाळीत टूथब्रशचं काय काम? धुळीला दाढीचा ब्रश आहेच की.


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं एकदाचं. "सूची मिळाली, सिस्टिम चालते. तुम्ही काय शोधताय?"

हेडफोन गळ्यात उतरवले. बराच वेळ वायर बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "मी तुमच्या मदतीला आलोच नव्हतो, दादा."

झालं असं. पाच आठवड्यांपूर्वी तिचा फोन मंदावला. याने कौतुकाने साफ करून दिला – सगळं पुसून नवी सिस्टिम. झटपट झाला फोन. फक्त तिच्या आईचे निरोप गेले. आवाजातले. आई गेल्यापासून ती फोन बदलला की ते आधी नव्या फोनमध्ये घ्यायची. चाळीसेक होते. 'पोचलीस का', 'दूध आणू नकोस, मी आणलंय', 'अगं उचल की फोन' – असले.

"मी तिला म्हटलं, बॅकअप घ्यायला हवा होतास."

"असं म्हणालात?"

"हो."

मी एवढ्या वर्षांत तिला पुष्कळ काही बोललो, पण या तोडीचं मलाही कधी सुचलं नाही. तिने त्याला बॅग भरून दिली. तेव्हापासून कॉलेजच्या जिन्याखाली सामानाची खोली आहे, तिथे राहतो. लेकीला माहीत नाही. लेकीने माझ्या कॉम्प्युटरचं सांगितलं तेव्हा त्याच्या डोक्यात आलं – तिचा जुना संसार त्या मशीनमध्ये असणार, आईचा आवाजही असेल कुठेतरी.

"एवढं काय त्या निरोपांचं?" असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आई शेवटी हॉस्पिटलमध्ये होत्या ना अकरा दिवस. ती रोज जाऊन बसायची. आई तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत म्हणे, डोळेसुद्धा उघडले नाहीत. ते तिच्या मनातून जात नाही. तुम्हाला माहीतच असेल."

हो, मला माहीत आहे. मला त्यापेक्षा जास्त माहीत आहे. आज यावर लिहिणार नाही.


१६ नोव्हेंबर, शनिवार

आवाजाच्या फाइली दोनशे बारा. दोघांनी मिळून ऐकल्या. लेक चार वर्षांची असताना पाढे म्हणतेय, सातावर अडखळतेय. माझ्या कुठल्याशा व्याख्यानाची नुसती खुर्च्या सरकवण्याची पाच मिनिटं. ती – तिचा आवाज – कुणाला तरी पत्ता सांगतेय, 'डावीकडे वळा, नाही नाही, तुमच्या डावीकडे.' आम्ही दोघंही मान खाली घालून ऐकत होतो. हे असं जगात कुणाला करावं लागत असेल!

एका फाइलमध्ये मागे खोकल्यासारखा आवाज. चार सेकंद. "आई!" तो म्हणाला. मी म्हटलं, पाण्याचा पंप आहे. "नाही दादा, नीट ऐका, बाईमाणसाचा खोकला आहे." सहा वेळा ऐकलं. अर्धा तास वाद घातला. शेवटी फाइल पुढे ऐकली तर पंप चांगला दोन मिनिटं खोकत होता.

त्याने हेडफोन काढून ठेवले. चेहरा बघवत नव्हता. मी चहा केला.


१७ नोव्हेंबर, रविवार

तो लिखाणाच्या फाइली बघत होता. मी मागे कपडे वाळत घालत होतो. एकदम शांत झाला – म्हणजे तसा शांतच असतो, पण माऊसचा आवाज थांबला. वळून बघितलं तर चष्मा काढून हातात धरला होता. म्हणाला, "दादा, हे मी वाचायला नको होतं. पण वाचलं."

स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मी पहिली ओळ वाचली आणि कळलं.

नऊ वर्षांपूर्वीचं पत्र. तिला लिहिलेलं. पाठवलं नाही. मला तर वाटत होतं की मीच पुसलं होतं. पुसलेलं जागेवरच असतं म्हणाला होता ना हा!

ते इथे उतरवून ठेवतो, निदान एवढं तरी.

'तुझी आई झोपलेली नसायची. त्या गुरुवारी दुपारी तू अंघोळीला घरी गेलीस आणि मी तासभर त्यांच्यापाशी बसलो, तेव्हा त्यांनी डोळे उघडून विचारलं, गेली का ती? मी हो म्हटलं. म्हणाल्या, मी जागी दिसले की ती खुर्ची सोडत नाही हो. चार दिवस पाठ टेकली नाहीये पोरीने. मी झोपले की निदान घरी तरी जाते. तिला सांगू नका हं. मी म्हटलं, सोंग छान वठतंय तुमचं. त्या हसल्या. मग पाणी मागितलं. शनिवारी त्या गेल्या. तू म्हणालीस, आई माझ्याशी बोललीच नाही. तेव्हाच मी सांगायला हवं होतं.'

बाकीचं पत्र माझ्याबद्दल आहे. ते उतरवत नाही.

"तिला हे माहीत नाही?" त्याने विचारलं.

नाही. आधी वाटलं, म्हातारीला शब्द दिलाय. मग वाटलं, इतके दिवस का गप्प होतास म्हणून विचारेल. लिहिलं, तोवर महिना झाला होता आणि ती सामान बांधत होती. 'तुझ्याशी काहीही बोललं की शेरा मिळतो, उत्तर मिळत नाही' असं त्याच दिवशी म्हणाली. तेव्हा पत्र दिलं असतं तर तिला थांबवायची युक्ती वाटली असती. आणि मग... मग वर्षं जातात, त्याला काय लागतं.

"दादा, हे तिला देऊ या."

मी म्हणालो, "द्या की! सूचीत घाला. 'सासू – पाहा: सोंग.'"

त्याने स्क्रीन परत स्वतःकडे फिरवली. रागाने नाही. मी म्हणालो, आता निघा, उद्यापासून यायची गरज नाही.


१८ नोव्हेंबर, सोमवार

आला नाही. ऐकतो फार!


१९ नोव्हेंबर, मंगळवार

लेकीचा फोन. "बाबा, तुम्ही काकांना काही बोललात का? फोनवर नुसतं हो-हो करतात."

"मी कशाला बोलू?"

"तुम्ही बोलत नाही बाबा, तुम्ही मारता."

पोरगी आईवर गेलीय. 'भिंत' ते 'मोरी' पुरं केलं.


२१ नोव्हेंबर, गुरुवार

सामानाची खोली डोळ्यांसमोरून जात नाही. पाच आठवडे म्हणजे आता सहा झाले. त्याने एका वाक्याची शिक्षा भोगली. माझं वाक्य तर मी बोललोसुद्धा नाही, आणि मी इथे गादीवर.

पत्र त्याच्यासाठी द्यायचं असं म्हणायला सोपं जातं. खरं म्हणजे त्याचा यात काही संबंध नाही. तिला नऊ वर्षं वाटतंय की आईने तोंड फिरवलं.

पत्र छापायला घेतलं. नवी सिस्टिम माझ्या प्रिंटरला ओळखत नाही! सतरा वर्षं एका टेबलावर बसलेले दोघं, आणि ही म्हणते, 'डिव्हाइस सापडले नाही.' तो असता तर अर्ध्या तासात ओळख करून दिली असती.

हाताने उतरवून काढलं. दोन पानं. अक्षर पार बिघडलंय. एका ठिकाणी सवयीने विनोद सुचला. चांगला होता. गाळला. माझ्याबद्दलचाही अर्धा भाग गाळला. तिला आता त्याचं काय? फक्त आईचं सगळं ठेवलं, शब्दाला शब्द.


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉलेजात गेलो. रखवालदाराला लॅबवाले साहेब विचारले तर त्याने न बघता जिन्याखाली बोट दाखवलं. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

दार उघडंच होतं. भिंतीला मेलेले मॉनिटर चवडीने रचलेले, मध्ये घडीची खाट. एका मॉनिटरवर शर्ट वाळत घातलेला, दुसऱ्यावर आरसा. तो कीबोर्ड उलटा करून झटकत होता. मला बघून उभा राहिला, खाटेवरची चादर सारखी केली – जणू मी सोयरीक बघायला आलोय.

"प्रिंटर चालत नाही," मी म्हणालो.

"येतो संध्याकाळी."

"त्यासाठी नाही आलो." पाकीट दिलं. चिकटवलं नव्हतं. "हे तिला द्या. तुम्हीच द्या. मी पोस्टाने पाठवलं तर ती उघडणार नाही."

त्याने पाकीट हातात घेतलं, उघडलं नाही. म्हणाला, "दादा, हे दिल्यावर ती मला घरात घेईल म्हणून मी मागत नव्हतो."

"माहीत आहे."

"नाही, तुम्ही माझ्याबद्दल काही लिहिलंत तर नाही ना यात? चांगलं?"

"एक अक्षर नाही."

"मग ठीक आहे," म्हणाला. चपला घातल्या आणि मला फाटकापर्यंत सोडायला आला.


२३ नोव्हेंबर, शनिवार

सूची दिली. दोन दिवस आधी! संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्यावर विसंबून राहता येतं." मी काही बोललो नाही. सुचलं होतं.


२४ नोव्हेंबर, रविवार

दुसरे यांचा फोन. तिने दार उघडलं. पाकीट घेतलं. दार लावलं. तो जिन्यात बसला होता, तिथूनच बोलत होता. विचारलं, किती वेळ झाला? म्हणाला, दोन तास. म्हटलं, मग बसा अजून. निदान जिना कोरडा आहे ना?

कोरडा आहे म्हणाला. गळती-ओलीचं पुस्तक माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.


२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी तिचा फोन आला. लेकीच्या कामाशिवाय नऊ वर्षांत पहिलाच. तो रात्रीच आत आला, एवढं सांगून टाकलं. मग विचारलं, "आई खरंच असं म्हणाली? का हेही तुझं नेहमीसारखं—"

"नाही. खरंच म्हणाल्या."

"पाणी मागितलं म्हणतोस. प्यायली का?"

"अर्धा पेला. मी मान उचलून धरली होती."

"अर्धा," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मी फोन ठेवला नाही.